फुलांचं औषध आणि मंडळाचं तळं

न्यामिरा, मंगळवार

चि. ओम्वेंगास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू धाडलेलं सामान बसने पोचलं, ते असं: फुलांच्या औषधाचा डबा एक, हातपंप एक, दोन्ही तुझ्याकडून फुकट, बसवाल्याने मागितले वीस शिलिंग, दिले बारा, पंपाची नळी गळत होती, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली, ती घरचीच. देवाच्या दयेने गुडघा सोडला तर माझं ठीक आहे. आमचे हे ठणठणीत आहेत, कारण त्यांना काहीच चावत नाही, ढेकूणसुद्धा. तुझ्या बायकोचा खोकला गेला का?

ढेकणांवरूनच सांगते. शुक्रवारी पास्टर आमच्याकडे शब्बाथला मुक्कामी येणार होते आणि पाहुण्यांच्या खाटेत ढेकणांचं गाव वसलेलं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात होतं: औषध किड्याच्या नसांत शिरतं, नस एकदा पेटली की विझत नाही, किडा थरथरून उताणा पडतो. माणसाचं शरीर मात्र ते लवकर मोडून टाकतं. उन्हात त्याचा जोर काही तासांत जातो. तरी उघड्या अन्नावर नको, चुलीपाशी नको, खिडक्या उघड्या ठेव. (सगळं केलं. उगालीचं मक्याचं पीठसुद्धा शेजारी नेऊन ठेवलं.) शेवटी तू लिहिलंस, ‘ताई, आपलंच फूल आहे, घाबरतेस काय?’ मलाही पटलं. जन्म गेला ही पांढरी फुलं खुडण्यात. वाळवून, पोती भरून तुमच्या नाकुरूच्या कारखान्यात हेच औषध काढायला धाडली. वाळत्या ढिगावर माझी मुलं झोपली, कोंबड्या नाचल्या. ज्या फुलावर लेकरू निजवलं त्याला कोण भिणार?

दुपारी बाराला फवारलं. ढेकूण पटापट उताणे! मी दुखरा गुडघा टेकून देवाचे आभार मानले, आणि इथेच चुकले. आधी झाडून चुलीत घालायला हवे होते. चारला जाऊन बघते तर निम्मे उठून चालू लागलेले. (थोडक्या औषधाने किडा नुसता गुंगतो, हे तू लिहिलं नव्हतंस.) हे दारातून म्हणाले, “अगं, पुनरुत्थान झालं की! पास्टरांना उद्याचा विषय मिळाला.” पंधरा वर्षांत चर्चची पायरी चढलेले नाहीत, पण बायबल नेमकं असं वेळेला आठवतं.

मग दाट औषध करून पुन्हा फवारलं. तोवर सूर्य टेकडीला टेकलेला. तुला ठाऊक आहे, शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, मग मी कामाला हात लावत नाही. पंप तसाच ठेवला तर चोंदेल. डबाही झाकणाचा, मजबूत, रॉकेलला उत्तम. खड्डा खणून धुवण उलटावं तर वेळ नव्हता. (बायबलात यहोशवासाठी सूर्य थांबला होता. माझ्यासाठी कशाला थांबेल?) तेव्हा पंपातलं उरलेलं घरामागच्या पाटात ओतलं आणि डबा तिथेच विसळला. सूर्य बुडायच्या आत पदर झटकून घरात. पाट कुठे जातो हे मला माहीत होतं. आमच्या चर्चच्या बायकांच्या डोर्कस मंडळाच्या तळ्यात जातो. दोनशे तिलापिया मासे, अनाथ मुलांच्या गणवेशासाठी वाढवलेले.

शनिवारी प्रार्थनेहून परतताना सगळ्या बायका तळ्यापाशी थबकल्या. पाण्यावर मासेच मासे, पांढरी पोटं वर. ढेकणांसारखेच उताणे, फरक इतकाच की हे चारला उठले नाहीत.

आमच्या अध्यक्षीण न्याबोके ओरडल्या, “कोणी विष घातलं गं?” आणि सगळ्यांच्या माना बोसिबोरी म्हातारीच्या झोपडीकडे वळल्या. ती विधवा तळ्याकाठी राहते, मंडळाच्या जागेत चार वाफे भाजी लावून त्यावर जगते. मागच्या महिन्यात तिला मासा मिळाला नाही तेव्हा म्हणाली होती, “तुमचे मासे तुम्हालाच लखलाभ!” झाला पुरावा. येत्या रविवारी तिला मंडळातून काढायचं आणि वाफे परत घ्यायचे, असं ठरलं. इतिवृत्त मीच लिहिते. ‘संशय: बोसिबोरी’ असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

आता काम. कारखान्याच्या शिक्क्याच्या कागदावर लिहून पाठव की हे औषध फुलांचं असून माशांना त्याने काही होत नाही. मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर जवळ असावं.

तुझी ताई,
क्वाम्बोका

ता. क. डबा रॉकेलला घ्यायचा म्हणून काल भिजत घालून त्यावरचा कागद खरवडला. अगदी तळाशी बारीक अक्षरांत होतं, ‘तळी, ओढे व मासे यांपासून दूर ठेवावे.’ या टेकडीवर मॅट्रिक झालेली मी एकटी, आणि वाचलं ते खरवडताना. तू अठरा वर्षं त्या कारखान्यात आहेस. तुला माहीत होतं ना रे? आपलंच फूल म्हणे!

ता. क. दुसरा. पास्टर मान खाजवत गेले.

ता. क. तिसरा. पत्र बंद करणार तोच बोसिबोरी आली. कोंबडीची तीन अंडी पदरात. म्हणाली, “मुली, तुला लिहिता येतं. पास्टरांना माझ्यासाठी एक कागद लिही. मी पाण्यात काही घातलं नाही, आणि ज्याने घातलं त्याला देव सुबुद्धी देवो, एवढंच.” मी लिहिलं. तिने अंगठा उठवला, मग म्हणाली, “साक्षीदार म्हणून तूच सही कर, तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.” मी केली. अंडी घेत नव्हते, ती ठेवून गेली.

तेव्हा वर मागितलेला कागद पाठवू नकोस. खरं आहे तेच लिही, की या औषधाने मासे मरतात आणि डबा तू मला धाडला होतास, शिक्का मारून, ठळक अक्षरांत, आणि पाकीट माझ्या नावाने नको, पास्टरांच्या नावाने घाल. माझ्या हाती आलं तर मी ते चुलीत घालीन, मला मी ओळखते. रविवारच्या आत पोचलं पाहिजे. लिहिणार की नाही ते मात्र मला परतीच्या टपालाने कळव.