खुज्या गवताची विरळणी

आई, काल सांगलीच्या कॉलेजात भाषण होतं आणि मी पुन्हा तुझ्यावर हशा मिळवला. विषय माझा नेहमीचाच, गवतांच्या वाढीचा. एकाच गोतातली दोन गवतं, दिसायला सख्ख्या बहिणी. पण ऊन तापलं की एकीचं पान हवेतल्या कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरतं आणि स्वतःच्याच कमाईतला वाटा गमावून बसतं. याला प्रकाशश्वसन म्हणतात. त्यापायी ती खुजी राहते. दुसरी ही गळती आतच अडवते आणि तरारून वाढते. एवढं झालं की पोरं जांभया देऊ लागतात. मग मी तुला बाहेर काढते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, उत्तर द्यायला येणार नाहीस, हे मला ठाऊक असतं.

"माझ्या आईनं एकदा माझा अख्खा प्रयोग विरळून टाकला!"

हशा येतोच. तू वडूजहून सांगलीला माझ्यासाठी डबा घेऊन आली होतीस. मी वर्गात, तू कॉलेजच्या गच्चीवर, माझ्या गवताच्या रोपांच्या ट्रेंपाशी. जन्मभर बाजरीची विरळणी केलेला हात गप्प कसा बसेल? कमजोर रोपं तू मुळासकट उपटलीस, जोमदार तेवढी ठेवलीस. मी येते तर तू खुशीत उभी आहेस, पदराला माती.

"लय दाटी व्हती बघ. खुजी काडली समदी. आता बाकीची कशी वाढत्याल!"

किस्सा मी इथं थांबवते. पुढचं कुणाला सांगत नाही. शिपायासमोर मी ओरडले, "अक्कल आहे का तुला? ती खुजी का राहतात, तेच तर मी मोजत होते!" तू खाली बसलीस आणि एकेक रोप परत मातीत खोचू लागलीस. भर उन्हात ती माना टाकत होती, तू त्यांच्यावर पदराची सावली धरली होतीस. "जगत्याल गं," एवढंच म्हणालीस. डबा न उघडताच एसटीनं परत गेलीस, ती पुन्हा सांगलीला आली नाहीस. माझ्याकडे बी शिल्लक होतं. मी ट्रे नव्यानं पेरले, माझं काहीच अडलं नाही.

काल एका मुलीनं विचारलं, "मग आई काय म्हणाल्या?"

"पोट धरून हसली," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. लाज वाटली, आई, खरंच वाटली. तरी टाळ्या थांबेपर्यंत मी हसत उभी होते.

पुढच्या आठवड्यात साताऱ्यात बोलायचंय. हा किस्सा गाळायचं ठरवलंय. पण आज सकाळी तयारी करताना तुझं ते दाटीचं वाक्य आपोआप तोंडात आलं, तुझ्याच बोलीत, आणि त्यानंतर हशासाठी मी थोडी थांबलेसुद्धा.