आखाजीआधी नानांची गाडी

नाना, तुमची गाडी माझ्या पडवीत उभी आहे. महिनाभर तिचा कार्बोरेटर माझ्या भाकरीच्या परातीत पडलेला होता, आणि भाकरी मी ताटात थापत होते. हसू नका. घरात मी एकटीच, भाकरी कुठे थापली ते विचारणार कोण? तुमचे जावई गेले त्याला किती वर्षं झाली, मुलं सुरतेला कापडाच्या धंद्यात, नात गुजराती शाळेत जाते आणि मला बा म्हणते. फोनवर परात दाखवली तर म्हणाली, "बा, हे काय शिजवते?" मी म्हटलं, माझ्या बापाचं काळीज धुते आहे. ती घाबरलीच बिचारी.

गाडी माझ्याकडे आली कशी, ते आधी सांगते. तळोद्याचं घर भाच्यानं विकलं. रागावू नका त्याच्यावर. दादाही गेला, भाच्याची नोकरी लांब, बंद घराला वाळवी लागली होती. त्यानं फोन केला, "आत्या, आजोबांची गाडी भंगारात देऊ का?" मी म्हटलं, "भंगारात मला दे, गाडी इकडे पाठव." टेम्पोतून उतरवली तेव्हा ती कोंबडीच्या विष्ठेनं भरलेली, सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण झालेलं. पण हँडलची मूठ तीच, तुमच्या हातानं गुळगुळीत झालेली. मी टेम्पोवाल्याला चहा दिला आणि तो निघून गेल्यावर बराच वेळ ती मूठ धरून उभी राहिले. तेव्हाच ठरवलं. आखाजीच्या आत ही गाडी एकदा बोलली पाहिजे.

का, ते तुम्हाला सांगायला नको. तरी सांगते, मला सांगायला आवडतं. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी निघाल्या की, तुम्ही मला न्यायला यायचे. बाकीच्या सुनांचे भाऊ यायचे, बैलगाडीनं, नंतर एसटीनं. माझा मुऱ्हाळी मात्र बापच, आणि तोही मोटारसायकलवर! मी चुलीजवळ बसलेली असायची आणि अक्कलकुव्याच्या बाजूनं तो आवाज यायचा, घुडघुड घुडघुड, मध्येच एक उचकी. माझी भाकरी करपायची. सासूबाई म्हणायच्या, "ऊठ व माय, तुन्हा बाप उना, आते तुन्हा हात काय कामना नही." पिठाच्या गिरणीजवळ तुम्ही इंजिन बंद करायचे, उतारावरनं गाडी तशीच घरंगळत दारात आणायचे. पेट्रोल वाचतं म्हणायचे. पण मला माहीत होतं, व्याह्यांच्या दारात आवाज नको म्हणून. म्हणजे आवाज थांबला की तुम्ही पोचलेच. तो थांबलेला आवाज मला चालू आवाजापेक्षा गोड लागायचा. मग दारात खाकरणं, आणि "चाल पोरी."

बरं, गाडीचं. कार्बोरेटर मी खोलला तुम्ही शिकवला तसाच. आठवतं का, शिकवला कसा ते? मी असेन दहा-अकराची. आखाजीसाठी आईनं घरातलं सगळं पितळ चिंचेनं घासायला काढलं होतं. तुमच्या गॅरेजच्या ओट्यावर कुणाचा तरी कार्बोरेटर उघडा पडलेला, त्यात पिवळे पिवळे बारके खिळे. मला वाटलं, नाना खूश होतील. मी सगळाच्या सगळा चिंचेच्या कोळात बुडवला आणि राखेनं घासला. खिळे सोन्यासारखे झाले, पण बाकीचं अंग काळंठिक्कर, आणि बारीक बारीक वाटांमध्ये राख अडकलेली. तुम्ही बघितलं आणि ओरडलात, "अवं, हाई काय समई शे का?" गॅरेजात डोंगरातले दोन गिऱ्हाईक बसलेले, ते हसले, मी रडले. मारलं नाहीत. समोर बसवलं आणि म्हणालात, आता प्रत्येक भोकातनं फुंक मार, जोवर दुसऱ्या बाजूनं माझ्या बोटाला वारा लागत नाही तोवर. मी फुंकत राहिले, तोंडात रॉकेल, डोळ्यात पाणी, आणि पलीकडे तुमचं बोट. त्या दिवशी मला कळलं, कुठल्या वाटेनं पेट्रोल येतं आणि कुठल्या वाटेनं हवा. मग चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण सासरी जाईपर्यंत तुमच्या गॅरेजातली जेटं, ते भोकाचे पिवळे खिळे, मीच साफ केली. तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल ढोसते. झाडूची काडी घालायची आणि उजेडाकडे धरून बघायचं. आताही तसंच बघितलं. डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना, म्हणून सगळं लख्ख दिसतं. भोकातून शेजारणीची शेळीसुद्धा दिसली.

रॉकेल आता कुठे मिळत नाही, पेट्रोलनंच धुतलं. आत जुनं पेट्रोल वाळून गुळाच्या पाकासारखं चिकटलेलं. वाटीत ते पितळेचं फुगीर तरंगतं ना, फ्लोट, ते हलवलं तर आत खुळखुळ. म्हणजे बुडलेलं, पेट्रोल प्यायलेलं. गरम पाण्यात धरलं तर बारीक बुडबुडे आले एका कडेनं. आतलं सगळं काढून, वाळवून, सोनाराकडे घेऊन गेले. सोनार म्हणतो, "आजी, हाऊ कोनता दागिना?" मी म्हटलं, "मन्हा माहेरना." तो इतका हसला की त्याची बायको बाहेर आली. मी त्याला बजावलं, भोक बुजवायला डाग मोहरीएवढाच दे बाबा, जड झाला तर हा दागिना बुडतो. त्यानं मजुरी घेतली नाही. मी सांजोऱ्या दिल्या.

खरा घोळ झाला त्या पिनेचा, जी फ्लोट वर आलं की पेट्रोल अडवते. तिचं टोक झिजलेलं, टाकी उघडली की खालून धार. तळोद्याला तुमच्या ओळखीच्या मारवाड्याच्या दुकानात गेले, आता त्याचा मुलगा बसतो. तो म्हणाला, "माजी, कंपनीच बंद झाली, पिन कुठून आणू?" मी बाकावरून उठेचना. चहा मागवला त्यानं, मग नाइलाजानं फोन लावत बसला. खांडबाऱ्याजवळच्या एका शेतकऱ्याकडे अश्शीच गाडी कडब्याखाली पडलेली निघाली. त्यानं तिची पिन काढून काडेपेटीत कापूस घालून पाठवली, एसटीच्या ड्रायव्हरजवळ. खांडबाऱ्याहून नंदुरबार, तिथं दुसऱ्या ड्रायव्हरच्या खिशात, तिथून इथे आमच्या खापरला. मी रोज स्टँडवर जाऊन बसायची. ती आली त्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "आजी, एवढ्याश्या काडेपेटीसाठी इतल्या फेऱ्या?" खरं तर मला त्या फेऱ्या आवडत होत्या, नाना. स्टँडवर माणसं असतात.

पिन बसली. धार थांबली. टाकी धुऊन शेजारच्या जीपवाल्यानं नवा प्लग लावला, वायरी बघितल्या. त्या दिवशी भाच्याचा फोन आला, आखाजीला तुमच्या नावाची पितरांची घागर तिकडेच भरतो म्हणाला. लेकीनं बापाची घागर भरायची रीत नाही. म्हणून मी तुमच्या टाकीत पेट्रोल भरलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी जीपवाल्याला बोलावलं. त्यानं किक मारून मारून घाम काढला. एकदा फटकन उलटा आवाज आला, कोंबड्या उडाल्या, आणि मग घुडघुड घुडघुड, मध्येच उचकी. मी टाळ्याच पिटल्या! तो म्हणाला, "बसा मांगे, आजी, चक्कर मारू." मी म्हटलं, "नही रे बेटा. तू अक्कलकुव्याकडे जा, मैलभर जाऊन परत ये. आणि गिरणीजवळ इंजिन बंद कर." "आन तुम्हीन?" "मी चुलीजवळ आहे." त्याला वाटलं म्हातारी सटकली. पण गेला.

मी चूल पेटवली. तव्यावर भाकरी टाकली. आवाज लांब गेला, विरला. मग लांबून परत आला, नाना, अगदी तसाच, वळणावर जरा दबला आणि पुन्हा मोठा झाला. गिरणीजवळ थांबला. भाकरी करपली तरी मी उठले नाही. चाकं दारात आल्याचं ऐकू आलं. मी खाकरण्याची वाट बघत होते.

"आजी, हुयनं का मनसारखं?" जीपवाला म्हणाला.

हुयनं, म्हटलं मी. झालंच ना. तुमच्या लेकीनं केलेलं काम आहे, तुम्हीही नाव ठेवलं नसतं.

हे पत्र मी गाडीच्या बाजूच्या डबीत ठेवते, पान्यांजवळ. तळोद्याच्या पत्त्यावर आता दुसरे लोक राहतात. फक्त एक राहिलं. जीपवाल्याला दाराशी माझी पिशवी दिसली, तो म्हणाला, कोठे जाई ऱ्हायनात? मी म्हटलं, जुने कपडे आहेत, बोहारणीला काढलेत. नाना, त्यात माझं नवं पातळ आहे, फणी आहे, आणि सांजोऱ्यांचा डबा. आखाजी होऊन गेली. ती पिशवी मी अजून रिकामी केलेली नाही.