रिलीव्हर येईपर्यंत

चिखली,
मंगळवार, सकाळचा सराव आटोपल्यावर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या रोहिदासचा साष्टांग नमस्कार पोहोचावा. (साष्टांगाला आठ अंगं टेकवावी लागतात. माझा उजवा गुडघा सध्या टेकत नाही, तेव्हा सातच जमा धरावीत. आठवं बरं झालं की स्वतंत्र पाठवतो.) तुझी प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. वहिनी म्हणाल्या की बीपीची गोळी तू शिफ्टप्रमाणे घेतोस आणि गुरुवारी, साप्ताहिक सुट्टी म्हणून, घेतच नाहीस. बीपीला साप्ताहिक सुट्टी नसते, एवढं एक धाकटा असूनही सांगतो. इकडे आम्ही सर्व, म्हणजे मी आणि गुडघा, बरे आहोत.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण तुझा फोन शिफ्टभर गेटवरच्या पेटीत असतो, आणि घरी असलास तरी मी हॉकीचं नाव काढलं की तू 'लाइन चालू आहे' म्हणून फोन ठेवतोस. (मागच्या गुरुवारी तू घरी बसून भेंडी चिरत होतास. वहिनींनी सांगितलं. भेंडीचीही लाइन असते हे मला ठाऊक नव्हतं.) म्हणून वहिनींच्याच सल्ल्याने हे पत्र तुझ्या डब्यात, भाकरीच्या फडक्याखाली ठेवायला देत आहे. आधी जेव, मग वाच. कागदावर तेलाचा डाग असेल तर तो मजकूर समजू नये.

आमच्या कॉलेजात मुलींची हॉकी सुरू होऊन आठ महिने झाले. सुरू कशी झाली तर अध्यक्ष यशवंतराव एका समारंभाला गेले होते, तिथे दुसऱ्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना आपला हॉकी संघ दाखवला, आणि यशवंतरावांना ते सहन झालं नाही. (यशवंतराव इथले मूळचे. कॉलेज त्यांच्या उसाच्या वावरात उभं आहे आणि बोलताना ते अजून बांधावरच असतात.) मी तासिका तत्त्वावरचा क्रीडाशिक्षक, मला बोलावून म्हणाले, "मास्तर, आपल्याला बी टीम पायजे. दिवाळीच्या आत." मी मान हलवली. मग स्टिका आल्या. त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, डावखुऱ्या पोरींच्या कुठं हाईत. मी सांगितलं की हॉकीत डावी स्टिक नसतेच, डावखुऱ्यांनीही उजवीनेच खेळायचं असा जगभरचा नियम आहे. त्यांनी हातातली स्टिक उलटसुलट करून पाहिली. "ह्ये काय बराबर न्हाई," म्हणाले. स्वतः डावखुरे आहेत हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून त्यांचं हॉकीवरचं मन थोडं उडालंच.

स्टिका आल्या, मुलीही आल्या, अडचण पुढेच होती. आमच्या अकराही मुली 'कमवा आणि शिका'वाल्या. लातूर, बीड, परभणीकडून आलेल्या, चिखलीत चौघी-पाचजणी मिळून खोली करून राहणाऱ्या, आणि चाकणला तुझ्याच कंपनीत वायरिंगच्या कामावर. हे तुला सांगायला नको, कारण त्यातल्या पाचजणी तुझ्याच लाइनवर आहेत. उरलेल्या सहाजणी दुसऱ्या लाइनवर, उलट्या शिफ्टला. पाचजणी सकाळी नऊला सरावाला येतात तेव्हा सहाजणी कामावर असतात, आणि सहाजणी साडेचारला येतात तेव्हा पाचजणी. आठवड्याने शिफ्ट बदलते तेव्हा घड्याळ बदलतं, गाठ पडत नाही ती नाहीच. साप्ताहिक सुट्टी एका लाइनला गुरुवारी, दुसरीला रविवारी. त्यामुळे माझा बचाव आणि माझी आघाडी आजतागायत एका मैदानात एका वेळी उभी राहिलेली नाही. गोलकीपर दिव्या पाचजणींत आहे. म्हणजे सहाजणींनी आठ महिने रिकाम्या गोलात गोल मारले आहेत, आणि त्यांचा आत्मविश्वास आता हाताबाहेर गेला आहे.

यावर तोडगा मुलींनीच काढला, तुमच्या कंपनीतलाच. रजिस्टर. त्यात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. (श्रद्धा कुणी लावली ते मी विचारत नाही.) तारीख, वेळ, 'जागा सोपवली', 'जागा घेतली' आणि शेरा, असे रकाने आखले. रजिस्टर दिव्याच्या डब्याच्या पिशवीत असतं. शिफ्ट बदलताना गेटबाहेर पाच-दहा मिनिटं दुसऱ्या गटाच्या हातात देते, त्या वाचतात, आपलं लिहितात, परत करतात. पहिले शेरे 'डाव्या गोलखांबाजवळ खड्डा आहे, पाय बघून टाकणे' असे असत. पुढे त्यात खेळ आला. 'उजवीकडून हल्ला आला तर मी खांब सोडून दोन पावलं पुढे येईन, मागचा पास तुमच्यातल्या कुणीतरी अडवावा. दिव्या.' आणि खाली सहाजणींपैकी एकीची सही: 'समजलं.' या मुली एकमेकींना गेटवर ओझरत्या दिसतात, पण एकमेकींचा खेळ त्यांना पाठ आहे. मी खेळलो त्या सगळ्या वर्षांत माझ्या बाजूला कोण धावतंय हे मला इतकं कधी कळलं नाही.

आता भोंग्याची हकिगत. दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी सांगवीकडच्या एका कॉलेजशी पाच-पाचजणींचा सराव सामना ठरवला. तुझ्या लाइनच्या पाचजणींना सुट्टी होती. यशवंतराव खुर्ची टाकून बसले. पाहुण्या मुलींची किट एकसारखी, आमच्या दिव्याच्या पायाला पॅड म्हणून मशिनच्या पेटीतला पांढरा फोम बांधलेला. (हेल्मेट तेवढं खरं होतं.) तरी आम्ही एक गोल मारला होता आणि दुसऱ्याच्या तोंडाशी होतो. बरोबर चार वाजता मैदानाशेजारच्या भैरूशेठच्या वर्कशॉपचा चहाचा भोंगा वाजला. दिव्या सोडून आमच्या चारही मुलींनी स्टिका जागच्या जागी, ओळीत, नीट खाली ठेवल्या आणि नळावर हात धुवायला निघून गेल्या. बॉल पाहुण्यांच्या गोलासमोर तसाच. पाहुण्या मुली आधी थांबल्या, त्यांना वाटलं कुणी दगावलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढची सात मिनिटं त्या पाचजणी एकट्या दिव्यावर चालून आल्या. अकरा फटके. आठ तिने अडवले, तीन गेले. मी कडेने ओरडत होतो, पण नळाचा आवाज मोठा होता. "तुमच्या पोरी लई शिस्तीच्या हाईत मास्तर," एवढंच यशवंतराव म्हणाले आणि खुर्ची उचलायला सांगितली.

सामना संपल्यावर चौघी रडल्या. हात सवयीने सुटले, सर, म्हणाल्या. मग मी दिव्याला विचारलं, भोंगा तर तुलाही ऐकू आला असेल, तू कशी नाही गेलीस? ती फोम सोडत होती. वर न बघता म्हणाली, "रिलीव्हर, म्हंजे बदलीचं माणूस, आल्याबिगर जागा सोडायची नसती की ओ सर. आमच्या लाइनचे साहेब पहिल्याच दिवशी सांगितलेत."

दादा, त्या लाइनचे साहेब म्हणजे तू. ते ऐकून मी स्टोअररूममध्ये जाऊन बसलो. बाबांचा हात प्रेसमध्ये गेला तेव्हा तू वीस वर्षांचा होतास आणि जिल्ह्याच्या शिबिरासाठी गोलकीपर म्हणून निवडला गेला होतास. बाबांच्या जागी कुणीतरी कंपनीत जायला हवं होतं. तू म्हणालास, रोह्या, दोन वर्षं मी जातो, तू खेळून घे, मग तू ये आणि मी मैदानात जाईन. मी हो म्हणालो. दोन वर्षांनी मी राज्याकडून खेळत होतो. मग बी.पी.एड. केलं. मग तो विषय तूही काढला नाहीस आणि मीही. मला आठवत होतं. तुला वाटत असेल मी विसरलो, तर तसं नाही, मी विसरल्यासारखं केलं. सव्वीस वर्षं तू तिथे उभा आहेस आणि तुझा रिलीव्हर इकडे शिट्टी वाजवत हिंडतो आहे.

असो. तुझ्याकडे काही मागण्यासाठी हे पत्र नाही. तू ओळखीच्या माणसाचं काम आधी नाकारतोस हे सगळ्या चाकणला माहीत आहे. वहिनींच्या भावाच्या लग्नाला तू स्वतःचा रजेचा अर्ज स्वतःच नामंजूर करवून घेतलास, तिथे माझी काय कथा. फक्त खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. गोळी घे.

तुझा आज्ञाधारक (ज्या बाबतीत नव्हतो ती वर लिहिली आहे),
रोहिदास

ता. क. एक : खुशालीत एक राहिलं. येत्या शनिवारी साडेचारला आमच्या मैदानावर विभागीय आंतरमहाविद्यालयीन सामना आहे. सहाजणी पहिल्या शिफ्टच्या, तीनला सुटून येतील. तुझ्या लाइनच्या पाचजणी दुपारच्या शिफ्टला आहेत. त्यांची या आठवड्याची सुट्टी गुरुवारऐवजी शनिवारी केलीस तर अकरा होतात. नाही केलीस तर आम्ही सहाजणी आणि रिकामा गोल घेऊन उतरणार, म्हणजे उतरूच देणार नाहीत. यशवंतराव आजवर तीनदा मोजायला आले. दोनदा पाच भरल्या, एकदा सहा. बेरीज करायला ते तयार नाहीत. "अकरा एका जागी दिसल्या न्हाईत तर मैदान लग्नाच्या लॉन्सवाल्याला दिलं म्हनून समज," असं त्यांनी सांगितलं आहे, आणि लॉन्सवाला परवा टेप घेऊन येऊन गेला. विद्यापीठाच्या चाचणीसाठी गोलकीपर बघायला त्या दिवशी माणसं येणार आहेत. दिव्याला मी हे सांगितलेलं नाही. तिने तुझ्याकडे सुट्टी मागितली नसेल. ती मागणारही नाही, तुझ्याच हाताखाली तयार झाली आहे.

ता. क. दोन : खरं मागणं वेगळंच आहे, आणि ते लिहायला मला चार पानं लागली. त्या दिवशी तूही सुट्टी घे आणि ये. मला गोलकीपिंगमधलं एवढंच कळतं की तिथे मी उभा राहू नये. त्या मुलीला शिकवायला माझ्याकडे काही नाही.

ता. क. तीन : पाकीट वहिनींकडे घेऊन निघणार तेवढ्यात दिव्याने रजिस्टर आणून दिलं. कालच्या पानावर शेरा आहे: 'फटका येताना मारणारीचा चेहरा बघतेस. चेहरा फसवतो. तिचं मनगट बघ. डावा पाय आधी टाकू नकोस.' अक्षर दिव्याचं नाही. ते अक्षर मी लहानपणी माझ्या गृहपाठाच्या वहीत पुष्कळ पाहिलं आहे. तिला विचारलं तर म्हणाली, साहेब जेवणाच्या सुट्टीत रोज वाचतेत, चार महिने झाले. ते सांगतेत, मी लिहिते. काल घाई होती म्हणून त्यांनीच लिहिलं. मग मी मागची पानं उलटली. खांब सोडून दोन पावलं पुढे येणं, तेही तुझंच निघालं. (त्यातल्या निदान पाच गोष्टी मी यशवंतरावांना माझे डावपेच म्हणून समजावून दिल्या आहेत. त्यांना कळवू नये.)

तेव्हा वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल. रजिस्टर दिव्याबरोबर परत पाठवलं आहे. शनिवारचं पान उघड. 'जागा सोपवली' या रकान्यात मी सही केली आहे, वेळ दुपारी साडेचार. शेजारचा रकाना मोकळा आहे. तू आल्याशिवाय मी जागा सोडणार नाही.