जरा खोलच जाळी

शुक्रवार, दुपार
बाल्टिमोर. हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर कैद. उद्या कॉलेज लॅक्रोसची सेमीफायनल, जिंकलो तर सोमवारी फायनल. (लॅक्रोस म्हणजे काठीच्या टोकाला जाळी; तिच्यात चेंडू झेलायचा आणि तिनंच गोल मारायचा.) तोवर बाहेर पाऊल टाकायचं नाही, कोचचा हुकूम. खिडकी चार बोटं उघडते. हे माझं शेवटचं वर्ष, आणि या स्पर्धेत अजून एक मिनिटही खेळलेलो नाही. कोच मला राखून ठेवताहेत, हे उघड आहे.

संकल्प: घरच्यांना खरं सांगणे. त्यांना वाटतं, मी पहिल्या फळीत असतो. (असं मीच सांगितलं असेल. आठवत नाही.)

शुक्रवार, संध्याकाळ
आईचा फोन. सगळं खानदान येतंय. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये तंबू ठोकून बर्गर भाजणार. माझ्या नंबराचे शर्ट छापून घेतलेत, आजीलाही. खरं सांगणारच होतो, पण बॅटरी कमी होती.

शनिवार
जिंकलो! मी बाकावर. बाबांनी विचारलं, "का रे, खेळवलं नाही?" म्हटलं, गुडघा. आता लिफ्टपर्यंतही लंगडावं लागतं, कारण आजी लॉबीत ठाण मांडून बसलीय.

रविवार
सरावात तीन पास सुटले. दोष काठीचा. जाळीच्या दोऱ्या सैल केल्या. चेंडू आता आत मांडी घालून बसतो. रूममेट कोल्बी, आमचा हुकमी गोल मारणारा, म्हणाला, "येड्या, ही जाळी आहे की बाजाराची पिशवी? चेंडू चौकटीच्या कडेखाली लोंबतोय, रेफरीनं तपासली तर गोल रद्द. आण इकडे, आवळून देतो." जळतो बिचारा. म्हटलं, सकाळी बघू.

सोमवार, सकाळ
जाळीला वेळ मिळाला नाही. नाश्त्याला आजीसमोर लंगडण्यात गेला.

सोमवार, संध्याकाळ. बसमध्ये
अकरा-अकरा, सामना संपत आलेला. कोल्बीचा खांदा निखळला. कोच ओरडले, "ग्रिफिन, पळ!" लंगडायचं विसरून धावलो. पास आला, जाळीत बसला. मारला. गोल! तंबूवाले सगळे नाचायला लागले. रेफरीनं काठी मागितली. वाटलं, कुठेतरी काचेच्या कपाटात ठेवणार. हसत दिली.

त्यांनी चेंडू आत ठेवून काठी डोळ्यांसमोर आडवी धरली. सबंध चेंडू कडेखाली लोंबत होता. गोल रद्द. वर मी दंडाच्या बाकावर, मैदानात आमचा एक गडी कमी. एरवी समोरच्यांनी गोल केला की सुटका होते, या दंडात तीही नाही. त्यांनी केलाच. सामना संपला तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो.

रेफरीच्या नजरेबद्दल बरंच लिहायचं होतं. बसमध्ये मी जवळ गेलो की जो तो शेजारच्या सीटवर बॅग ठेवत होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. कोल्बीनं झोळीत बांधलेला हात सावरत जागा करून दिली. "बस रे. काल मीच काठी हिसकावून जाळी आवळायला हवी होती. चुकलंच माझं," म्हणाला.

मी म्हणालो, "हो ना." मग खिडकीकडे तोंड फिरवून खूप रडलो.