काही लागलं तर सांगा

मु. आर्णी, जि. यवतमाळ

चि. संघदीप,

आजीचा जयभीम. तुझी तब्येत बरी असंन, पोटाले वेळेवर घालत असशीन. माझे गुडघे होते तसेच आहेत. कागद यासाठी लिहून राह्यली, की फोन केला की तू 'आजी, मीटिंग आहे' म्हणतं. कागदाले मीटिंग सांगता येत नाही.

पुण्याहून मले बसमंदी बसवून देल्लं तेव्हाच तू रुसेल होता. काहून, ते मले मालूम आहे. पण माझी बाजू तू पुरती ऐकली नाही.

मी आली त्या दिवशी तुझ्या समोरच्या दारातली केरळची मॅडम छातीवर हात ठेवून इंग्रजीत काही बोलली. तूच मले अर्थ सांगतला, काही लागलं तर सांगा म्हणते. आता आपल्या आर्णीत कोणी असं म्हटलं अन् आपण काहीच मागतलं नाही, तर त्या बाईले वाटते हिले आपल्या घरचं चालत नाही. म्हणून मी पहिले विरजण मागतलं. तिनं देल्लं. मंग मले लागलं ऊन. तुझ्या गॅलरीत ऊन येतच नाही (एवढं भाडं भरून तू भिंत पाहत बसतं), अन् तिची गॅलरी नुसती तापून राह्यली. मुगाची डाळ मी भिजवलीच होती. वाटून, परात घेऊन गेली. तिचा नवरा वरून इस्त्रीचा शर्ट अन् खालून चड्डी घालून कम्प्युटरसमोर बसला होता, अन् गॅलरीची वाट त्याच्या पाठीमागूनच. त्याले मी काय करू? कम्प्युटरातल्या माणसायनं हात हालवले, मी पण जयभीम केला. वड्या घातल्या अन् कावळे हाकलाले तिथंच बसली.

लिफ्टचंही तसंच. एका माणसानं इंग्रजीत विचारलं, तू म्हटलं तब्येत विचारते. विचारलं तर सांगा लागते. मी डाव्या गुडघ्यावरच होती तं त्याचा मजला आला. उजवा राह्यला होता, म्हणून मी दारात पाय घातला.

मंग तू मले समजावलं, की इंग्रजीत हे बोलण्यापुरतं असते. तब्येत विचारली की 'फाइन' म्हणायचं अन् उतरायचं. मदत करतो म्हटलं की 'थँक यू' म्हणायचं अन् काही मागायचं नाही. (तुझा आबाही पाहुण्यानं चपला घातल्यावरच 'जेवून जा' म्हणे, पण त्याले आम्ही इंग्रजी नाही, चिक्कूपणा म्हणत होतो.) मंग खरंच मदत करायची असली तर काय म्हणतेत, मी विचारलं. तू म्हटलं, तेच म्हणतेत. आता सांग, माणसानं काय करावं.

अन् मी घरी पोचली तं फोनवर तुझं इंग्रजी आलेलं. शेजारच्या शमानं वाचून दाखवलं, 'यू आर ऑलवेज वेलकम, आजी'. म्हणे, कधीही या असं लिहिलं. मी विचारलं, हे लिफ्टमधलं आहे का खरंखुरं? ती इंग्रजीची ट्यूशन घेते, पण तिलेही सांगता आलं नाही. म्हणाली, "मावशी, शब्दावरून नाही समजत. बोलणाऱ्याचं तोंड पाहा लागते."

फोनमंदी मी तुझं तोंड कुठून पाहू? म्हणून मराठीत लिहून धाड, ये, नाहीतर येऊ नको. मी रडत बसणार नाही, मले तुरीच्या शेंगा सोलायच्या आहेत.

तुझी आजी,
कांताबाई

ता.क. मॅडमचा फोन आलता. तिच्याकडं ठेवल्या होत्या त्या वड्या संपल्या. मी शिकवली तेवढ्या मराठीत बोलली, "आजी, ऊन येऊन राह्यलं." हे तिनं इंग्रजीत नाही म्हटलं, म्हणून मी तिकीट काढलं. तुझं वेलकम लिफ्टमधलं निघालं तं मी समोर उतरन, तिच्याकडं जास्तीची गादी आहे.

आणखी एक. हा कागद मी पोस्टात टाकलाच नाही, संगं आणला. तुझ्या हातात देऊन समोर उभी आहे. वाचून झालं असंन तं मान वर कर, तोंड पाहू दे.