माझ्या उजव्या खांद्याचं शास्त्र

बुधवार, ता. १ नोव्हेंबर १९३३. मुरुड.

आजपासून रोजनिशी. कारण खांदा. सकाळी उठल्यावर कुरकुरतो, दुपारी ठणकतो, संध्याकाळी हात डोक्याच्या वर जायला नाही म्हणतो. आज टोपी डाव्या हाताने घातली. कारण उघड आहे. पोस्टात वीस वर्षं शिक्के मारतोय. खेळाचा याच्याशी काही संबंध नाही.

संध्याकाळी हमीदभाई आले. सुपारीचा व्यापार आणि आमच्या क्लबाची कॅप्टनकी, दोन्ही तेच सांभाळतात. चोवीस डिसेंबरला अलिबागकरांशी मॅच आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले की मास्तर, या खेपेला तुम्हाला एक ओव्हर देतो. नीट पडली तर अकरांत राहा. नाहीतर यापुढे स्कोअर लिहायला बसा, तुमचं अक्षर सुरेख आहे. (मी कारकून आहे, पण गाव मला मास्तर म्हणतं. मी दुरुस्त करत नाही.)

स्कोअर! माडाखाली खुर्ची टाकून पेन्सिल चघळत बसणं हे पेन्शनरांचं काम. मी फास्ट बोलर आहे आणि अठरा वर्षं अकरांत आहे. चव्वेचाळीस हे काही वय नव्हे.

सौ.ला यातलं काही सांगितलं नाही. घरी मी खेळाबद्दल बोलतच नाही. आपल्याच तोंडाने आपली स्तुती कशाला?

शनिवार, ता. ४ नोव्हेंबर

दैव अनुकूल आहे. किल्ला बघायला आलेला एक अमेरिकन साहेब तार करायला पोस्टात आला. मी उजवा खांदा डाव्या हाताने दाबत शिक्का मारत होतो. त्याने विचारलं, काय झालं? मी इंग्रजीत सांगितलं, फास्ट बोलर. तो फार हसला. मग पिशवीतून एक पुस्तक काढून मला देऊन टाकलं. बेसबॉल नावाचा त्यांचा खेळ आहे, त्यात चेंडू कसा फेकावा आणि हात कसा सांभाळावा याचं पुस्तक. आत चित्रं आहेत.

पहिली बारा पानं कडेने जोडलेलीच आहेत, अजून कापलेली नाहीत. प्रस्तावना असणार. चित्रांपासून सुरुवात करतो.

सोमवार, ता. ६ नोव्हेंबर

पुस्तक अफाट आहे. आपले लोक नुसते धावत येतात आणि हात फिरवतात. अमेरिकन माणूस धावतच नाही. जागेवर उभा राहतो, दोन्ही हात डोक्यावर नेतो, डावा पाय छातीपर्यंत उचलतो आणि मग सगळं अंग चेंडूच्या मागे लोटून देतो. धावायचं नाही, म्हणजे दमही लागत नाही. इतकी वर्षं फुकट धावलो.

निश्चय: रोज पहाटे किनाऱ्यावर साठ चेंडू.

मंगळवार, ता. ७ नोव्हेंबर

चोवीस चेंडू. वाळू ओली होती.

गुरुवार, ता. ९ नोव्हेंबर

अकरा चेंडू. अकरावा कोळीवाड्यात केसरबाईच्या बोंबिलांत गेला. काठ्यांवर वाळत घातलेली अर्धी ओळ खाली आली. केसरबाई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिवाय सगळं कळलंही नाही, ते एका अर्थी बरं झालं.

तिचा मुलगा कान्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग टाकत होता. पाग म्हणजे कडेने शिशाच्या गोळ्या लावलेलं गोल जाळं. चांगलं जड असतं. तो तासभर टाकत होता, एकदाही खांद्याला हात लावताना दिसला नाही. अशिक्षित माणसाला दुखणं कळायला वेळ लागतो.

रविवार, ता. १२ नोव्हेंबर

कान्हा आपणहून जवळ आला. माझा डावा पाय वर होता, म्हणून मी लगेच बोलू शकलो नाही. पाय खाली आल्यावर त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, हात फेकीत न्हाय. कंबर फेकते. हात नुसता सोडायचा."

मी त्याला समजावलं की बाबा रे, हे शास्त्र आहे, इथे प्रत्येक स्नायूचा विचार केलेला असतो. तो मान डोलावून ऐकत होता. मग विचारलं, "दुखतंय तं टाकता कशाला?"

खेळाडूचं मन त्याला कसं कळणार?

बुधवार, ता. १५ नोव्हेंबर

चेंडूंना सुट्टी. खांदा सुजला आहे. पोस्टात शिक्के जास्त होते.

सौ.ने रक्तचंदन उगाळून लेप दिला. काय करता रोज किनाऱ्यावर, असं विचारलं. साहेबाच्या पुस्तकातला व्यायाम आहे, म्हटलं. ती म्हणाली, व्यायामाने माणूस बरा होतो असं ऐकलं होतं.

सोमवार, ता. २० नोव्हेंबर

लेप. एरंडाचं पान. गरम मिठाचा शेक. आज डाव्या हाताने शिक्के मारले. अर्धे उलटे उमटले. पोस्टमास्तरांनी एक पाकीट उलटं धरून शिक्का वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवलं. ते खांद्यापेक्षा जास्त लागलं.

रविवार, ता. २६ नोव्हेंबर

पुन्हा सुरुवात. चेंडू सात. पण सातही दर्जेदार.

आपण थोडक्यात शिकणारे आहोत. साठ चेंडू सामान्य माणसाला लागतात.

रविवार, ता. ३ डिसेंबर

क्लबात नजमुद्दीन भेटला. यष्टीमागे तोच उभा राहतो. त्याला माझी पद्धत करून दाखवली. म्हणाला, मास्तर, ये तो दगड मारणं झालं. कोपर वाकतं तुमचं, अंपायर सोडणार नाही. मी म्हटलं, अमेरिकेत लाखो लोक पैसे देऊन हे बघतात. तो म्हणाला, मग तिकडे टाका.

मत्सर. विकेटकीपरला नेहमीच बोलरचा मत्सर असतो.

मंगळवार, ता. १२ डिसेंबर

एकही चेंडू नाही. हा थकवा खांद्याचा नाही, सगळ्या अंगाचा आहे. पोस्टातून आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. बोटी येत होत्या. कान्हा पाग टाकत होता. एकदा पूर्ण गोल उघडलं, बोटभरही कमीजास्त नाही. खरं म्हणजे मी खूप वेळ बघत होतो.

उद्यापासून कडक तयारी.

सोमवार, ता. १८ डिसेंबर

कडक तयारी उद्यापासून.

शनिवार, ता. २३ डिसेंबर

मॅच उद्या. खांद्याला पंधरवडाभर विश्रांती दिली आहे. हा डावपेचाचा भाग होता.

सौ.ला पांढरी पाटलोण धुवायला काढून दिली. ती म्हणाली, ही कुठे मळली आहे? खरंच मळली नव्हती. गेल्या मॅचनंतर तशीच घडी घालून ठेवली होती. माझी टापटीप! स्लिपमध्ये अठरा वर्षं उभा आहे, पण चेंडू माझ्याकडे येतच नाहीत. बॅट्समन जपून असतात.

रविवार, ता. २४ डिसेंबर. संध्याकाळी.

हे डाव्या हाताने लिहितो आहे. थोडक्यात लिहितो.

अलिबागकर १०९ वर असताना हमीदभाईंनी चेंडू दिला. दोन हात डोक्यावर, पाय छातीपर्यंत. समोरचा बॅट्समन थांबला आणि अंपायरला विचारू लागला की यांना बरं वाटत नाही का. अंपायर अंबाजीराव, अलिबागचे, जुने पेन्शनर. नो बॉल. दुसरा, नो बॉल. तिसऱ्याला तर चेंडू हातातून सुटायच्या आत ओरडले.

हमीदभाई जवळ आले. आवाज न चढवता म्हणाले, "मास्तर, खुदासाठी पूर्वीसारखी टाका. पाच पावलं धावा आणि सोडून द्या."

पूर्वीसारखी टाकली. पण जोर नवा होता. खांद्यात कट् असा आवाज झाला. नजमुद्दीनला यष्टीमागे ऐकू गेला म्हणतो. चेंडू कुठे गेला ते मी पाहिलं नाही, मी खाली होतो.

मला माडाखाली नेऊन बसवलं. माझ्या जागी कोण? कान्हा बाजारात मासळी टाकून मॅच बघायला उभा होता. त्यालाच सीमेवर उभं केलं. कमरेला रुमाल, अनवाणी. शेवटच्या जोडीला जिंकायला तीन हवे होते. चेंडू माडांच्या दिशेने गेला. कान्हाने उचलला, कंबर वळवली आणि हात नुसता सोडला. धावणारा बॅट्समन पोचायच्या आत मधली दांडी उडाली. दोन रनांनी जिंकलो.

सगळे त्याच्याकडे धावले. मला उठता येत नव्हतं. टाळ्या वाजवायच्या होत्या, पण एका हाताने वाजत नाहीत.

तरी एक गोष्ट नमूद करतो. शास्त्रशुद्ध फेकीविषयी त्याच्याशी पहिल्यांदा मीच बोललो होतो.

मंगळवार, ता. २६ डिसेंबर

हात गळ्यात. महिनाभर शिक्का नाही, पोस्टमास्तरांनी खिडकीवर बसवलं आहे. वेळ जात नाही म्हणून पुस्तक काढलं. न कापलेली बारा पानं सौ.ने विळीवर कापून दिली.

प्रस्तावना नाही. पहिलं प्रकरण आहे. हात कसा जपावा. आधी अंग गरम करावं. जोराने टाकलं की चार दिवस हात मोकळा ठेवावा. दुखलं की त्याच क्षणी थांबावं. पस्तिशीनंतर नव्याने सुरुवात करू नये. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: जोर पायांतून आणि कमरेतून येतो, हात सगळ्यांत शेवटी.

कान्हाला वाचता येत नाही. अमेरिकनांनीच कोळ्यांकडून घेतलं असावं.

रविवार, ता. ३१ डिसेंबर

हमीदभाई आले. खजूर आणले होते. खांद्याची चौकशी केली, मग स्कोअरबुक माझ्या मांडीवर ठेवलं. पुढच्या रविवारी रोह्याची टीम येते आहे. कान्हाला घेतलाय म्हणाले, रोज दोन तास टाकायला लावणार आहेत. मी म्हटलं, दोन तास नको. चार दिवसांतून एकदा. आणि दुखतं म्हणाला तर त्या दिवशी बंद. हमीदभाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि बरं म्हणाले. या दोन महिन्यांत माझं एवढं एकच ऐकलं गेलं.

ते गेल्यावर सौ.ला सगळं सांगायचं ठरवलं. मन भरून आलं होतं. म्हटलं, अठरा वर्षं ज्या जागेसाठी जीव टाकला ती गेली. आता मॅचला माझ्याकडे फक्त स्कोअर लिहायचं काम.

ती माझ्या सदऱ्याची बटणं लावत होती. हात थांबवून तिने विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही खेळत होता?"

मी म्हटलं, मग काय करत होतो असं वाटलं?

"लिहायलाच जाता असं वाटायचं. पाटलोण कधी मळलेली नसायची. त्या दिवशी पडलात म्हणून कान्हा सांगत आला, तेव्हा वाटलं, कुणी आलं नसेल म्हणून तुम्हाला उभं केलं."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. वरचं बटण लावून ती चुलीकडे गेली.

पाटलोण दोरीवर होती. जाऊन बघितली. डाव्या गुडघ्यावर, मी पडलो तिथे, मातीचा एक डाग आहे. दोनदा धुऊनही गेलेला नाही. तिला म्हटलं, राहू दे, पुन्हा घासू नको.

रविवारी दहाला मैदानावर. पेन्सिल डाव्या हाताने धरायची सवय करणे.