पिवळ्या हिऱ्याचा कागद

आप्पा, काल सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर नवऱ्यामुलाची आत्या. मुलगा आणि त्याचे आईवडील अजून एस.टी. स्टँडवर रिक्षा बघत होते आणि ही बाई पुढे येऊन थेट आमच्या मागच्या दारी. म्हणे, पाय धुवायला आले. पाय कसले धुते, आमच्या चुलीवरचं भांडं किती लख्ख आहे ते बघून घेतलंन. पण माणसं चांगली हो. मूळची आंजर्ल्याची, आता मुंबईत. मुलगा बँकेत, बोलतो हळू, आणि घावने पाच खाल्लेन. तुमची पणती, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, त्याला सहावं वाढायला गेली तेव्हा दोघंही हसली. ते हसणं बघून मी इतकी खूश झाले, की आत जाऊन उगीचच साखरेचा डबा पुसत बसले.

आता मुद्द्याचं. तुम्ही बाप म्हणून मला लग्नात घातलेली ती पिवळ्या हिऱ्याची अंगठी. गेल्या खेपेला मुलाची आई म्हणाली होती, "आम्हाला बाकी काही नको हो. आजींचा हिरा तेवढा सुनेच्या बोटात असू दे. पण हल्ली रंगीत हिऱ्याला कागद लागतो. कागद नसला तर लोक पुखराज म्हणून मोकळे होतात." माझ्या मुलाने लगेच कपाटातून अंगठी काढून तपासायला त्यांच्याकडे दिली. मला वाटलं, मुंबईच्या यंत्रापुढे आता सगळं उघडं पडणार.

तुमचं सोनारकामाचं दुकान डोळ्यांपुढे येतं. मी आठ वर्षांची, शाळा तिसरीत सुटलेली, तुमच्या शेगडीपाशी बसून असते. तुम्ही खिडकीत पांढरा कागद ठेवून त्यावर हिरा पालथा घालता आणि मला म्हणता, "तोंडाकडून बघू नको. तोंडावर सगळेच गोरे. पाठीकडून बघ, खरा रंग तिथे कळतो." एकदा मी ओल्या बोटाने तुमची डाक उचलली. खड्याखाली बसवायचा तो चकचकीत पातळ पत्रा, जो खड्याला आपला रंग देतो. ती काळवंडली. तुम्ही मारलं नाहीत, पण म्हणालात, "तुझ्या हाताला धीर नाही." ते अजून लागतं. आणि लग्नात अंगठी देताना माझ्या कानाशी म्हणालात, "पाठ बंद केली आहे. उघडू नको, पाणी लावू नको. हिरा खरा आहे, रंग माझा आहे."

मी उघडली नाही. पाण्यात हात घालायच्या आधी दर वेळी काढली. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाई भांडी दिसली की आधी अंगठी काढतात, मग मन झालं तर पदर खोचतात."

तर काल अंगठीबरोबर तो कागद आला. वर अंगठीचा फोटो, खाली गोल शिक्का, मध्ये इंग्रजी. नातीने वाचलं, "नैसर्गिक पिवळा हिरा." आप्पा, खोटं कशाला सांगू, मी मनातून नाचले. म्हटलं, माझ्या आप्पांनी मुंबईला हरवलं. मंडळी उठून गेल्यावर तिने पुन्हा तो हातात घेतला तर तळाला मुंगीएवढी अक्षरं. ती म्हणते, "आजी, इथे लिहिलंय, खडा कोंदणात असताना पाहिला, बाहेर काढल्याशिवाय रंगाची खात्री देता येत नाही. मग वर पिवळा कशाला लिहिलं?" मी विचारलं, "सही वरच्याला आहे की खालच्याला?" ती म्हणाली, "सगळ्याच्या खाली एकच आहे गो आजी." आणि हसून तिने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, लग्नाच्या साड्यांबरोबर ठेवायला. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. कसं दिसेल. शिकलेली माणसं शिक्का बघतात.

मुलाची आई निघताना काय म्हणाली ऐका. "हे कोंदण जुन्या वळणाचं. पाठ उघडी करून घेऊ, उजेड लागला की हिरा आणखी खुलेल." आमचा मुलगा हो म्हणाला. म्हणजे सगळ्यांसमोर पाठ उघडणार, तुमची डाक चिमट्याने निघणार, आणि खाली फिक्या चहाच्या पाण्यासारखा हिरा. मग कागद खोटा ठरणार नाही, त्याने तळाला आपली सोय करून ठेवली आहे. खोटे ठरणार आपण. आधी सांगितलं तरी तेच, एवढी वर्षं फसवलंत म्हणतील. पोरीचं लग्न दोन्हीकडून मोडतं. मी पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं, तिसरी वाट दिसत नाही.

तुमच्यावर बोट ठेवायला जागा नाही. तुम्ही मला सांगितलं होतंत. सासरी पहिल्या हळदीकुंकवाला कोणी तरी माझं बोट धरून विचारलं, "पिवळा हिरा काय गो?" आणि मी हो म्हटलं. पुढे नवऱ्यालाही तेच सांगितलं, मुलालाही. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. नात शेजारच्या खोलीत आहे, तिला हाक मारून हे सांगायला अजून तोंड उघडत नाही.

मंडळी गुरुवारी येतो म्हणाली, त्यांच्या सोनाराला घेऊन.